त्या गादीत कापूस होता

अकोला स्टेशनवर मला सोडायला मोहल्ल्यातली सतरा-अठरा माणसं आली होती आणि मी अमेरिकेत नेमकं काय शिकायला चालले आहे, ते त्यांतल्या एकालाही सांगता येत नव्हतं. मला तरी कुठे धड येत होतं? अमरावतीला राजापेठेत खोली करून इंग्रजीत बी.ए. केलं, अर्ज केले, शिष्यवृत्ती लागली. विषय होता अमेरिकन संस्कृतींचा अभ्यास. त्यात इतिहास थोडा, साहित्य थोडं, समाजशास्त्र थोडं, शिवाय गाणी, गोधड्या आणि स्वयंपाकही. अम्मी म्हणायची, "ये तो भेल हुई बेटा, डिग्री काहे की?" अब्बांनी मात्र सगळ्या फलाटाला समजावून सांगितलं, "तिथल्या लोकायले सोताबद्दलच समजून नाई राहिलं. म्हनून आमची पोट्टी बलावली."

मग ते डब्यात चढले, माझ्या बर्थवर अंगठा दाबला आणि नाक मुरडून म्हणाले, "अंदर फोम है. कमर संभाल." निरोपाचं एवढंच बोलणं झालं. उतरताना त्यांनी तो बर्थ पुन्हा एकदा दाबून पाहिला.

अब्बांचं गाद्यांचं दुकान. आम्ही पिंजारी. आजोबा खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली टाकून गल्लोगल्ली फिरायचे, तिच्या तातीच्या दोरीचा आवाज ऐकून बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या. अब्बांनी पुढे दुकान टाकलं, पिंजायची मशीन आणली. माझं बालपण त्या उडत्या कापसात गेलं. शाळेत माझ्या वेणीला कायम पांढरे तंतू चिकटलेले असायचे आणि मुली ते काढून माझ्याच वहीत ठेवायच्या. मला त्याची लाज वाटायची. आज वाटते ती लाज वेगळी आहे, आणि ती सांगायलाच हे लिहायला घेतलं आहे.

अमेरिकेत पहिलं वर्ष मी वर्गात जवळजवळ मुकी होते. इंग्रजी पुस्तकं वाचणं वेगळं आणि गोल टेबलाभोवती बसून, कॉफी पीत, "मला असं वाटतं" म्हणून सुरू होणं वेगळं. इकडची मुलं चूक असली तरी ठणकावून बोलतात. मी बरोबर असले तरी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय तीन घरं पुढे गेलेला असायचा.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडचं नाव तिकडच्या वर्तमानपत्रातही येऊ लागलं होतं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, ते तुम्हाला सांगायला नको. एकदा प्राध्यापक बाई असंच एक कात्रण घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "हा तुझाच भाग ना?" मी हो म्हटलं. सगळा वर्ग माझ्याकडे वळला. त्या नजरेत हळहळ होती, आदरही होता. खरं सांगते, मला ती नजर आवडली. दुसऱ्याच्या घरच्या सुतकावर मला वर्गात मान मिळाला होता आणि तो मला आणखी हवा होता.

त्याच सत्रात काम मिळालं: घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची त्याच्या कामाबद्दल मुलाखत घ्या, टेप करा, भाषांतर करा, लेख लिहा. मी अकोल्याला फोन लावला. माझी सकाळ, त्यांची संध्याकाळ. घरी आमची हिंदी चालते, तीही वऱ्हाडी हिसक्याची, पण अब्बांनी मुलाखत मराठीत दिली. शाळा, कचेरी, अर्ज ही सगळी कामं त्यांच्या मते मराठीतच करायची असतात.

तासभर बोलले. चांगला कापूस बोटांना कसा कळतो, नवरीच्या गादीचे कोपरे का जास्त भरायचे, दाभणाचा टाका कुठे ओढायचा आणि कुठे सैल सोडायचा. म्हणाले, "गादी उसवली का घर दिसते. लेकरू कोन्या कोपऱ्यात निजते, म्हाताऱ्याचं औषध कुठी सांडलं, सारं दिसते. कधी पिन निंघते, कधी चिल्लर, कधी चिठ्ठी. आपन गुपचूप त्या घरच्या बाईच्या हातात देतो. गादीतलं बाहीर सांगाचं नसते. माह्या बापानं मले हे पयले शिकवलं, पिंजनं मंग."

आज ती टेप ऐकली की वाटतं, आख्ख्या अभ्यासक्रमात याहून चांगलं काही मला कुणी शिकवलं नाही. तेव्हा मात्र मी अस्वस्थ होत होते. हे सगळं फारच सुखाचं होतं. वर्गाला हे नको होतं. म्हणून मी विचारलं, "अब्बा, ज्या घरात तसं झालं, तशा घरची गादी आली होती का कधी?"

अब्बांनी आवाज खाली आणला. मग, "आली होती एक."

"काय निघालं तिच्यात?"

"कापूस निंघाला. अजून का निंघन?" आणि लगेच हिंदीत, "खाना खाया तूने?"

मुलाखत संपली होती. मी लेख लिहायला बसले. लिहिलं की त्या गादीतून एक चिठ्ठी निघाली, मेलेल्या माणसाने बायकोला लिहिलेली, कधी न दिलेली. चिठ्ठीतला मजकूरही मीच रचला. पुढे लिहिलं की माझे वडील ती वाचून हमसून हमसून रडले आणि त्यांनी धनुकली भिंतीला टांगली ती कायमची. धनुकली भिंतीवर होती हे खरं, पण ती मशीन आल्यापासून तिथे होती, मी तेव्हा दुसरीत होते.

लेख मी वर्गात वाचला. दोन मुली रडल्या. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि विभागाच्या वार्षिक पुस्तिकेत तो पहिला छापला. दोनच आठवड्यांनी परीक्षा होती. बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी आदिवासींच्या आणि गुलामांच्या तोंडी आपले शब्द कसे घातले, यावर प्रश्न होता. मी सहा पानं उत्तर लिहिलं. वर्गात सर्वांत जास्त गुण मला पडले.

पुस्तिका मी अकोल्याला पाठवली. का पाठवली? अब्बांना इंग्रजी येत नाही, याचा मला पूर्ण भरवसा होता. दुसरं काय.

उन्हाळ्यात घरी गेले तर पुस्तिका दुकानात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, खिळ्याला लावलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला अब्बा ती दाखवायचे. शेजारचे टेलर रामभाऊ काका म्हणाले, "बेटा, तुह्या बापानं चार महिने झाले डोकं खाल्लं. वाचून तं दाखव काय लिवलं थे." चहा आला. अब्बांनी मशीन बंद केली, सदरा झटकला आणि फोटो काढायचा असल्यासारखे ताठ बसले.

मी पुस्तिका उघडली आणि इंग्रजी पानाकडे बघत अब्बांचं टेपवरचं बोलणंच मराठीत म्हणून दाखवलं. नवरीच्या गादीचे कोपरे, दाभणाचा टाका, सगळं मला पाठच होतं, कारण मी ते शब्द नीट ऐकून उतरवले होते आणि मग बाजूला ठेवले होते. अब्बा मान डोलवत होते. "बराबर. असंच म्हनलो होतो मी." रामभाऊ काका म्हणाले, "वा बशीरभाई, तुमी तं विद्वान निंघाले!"

ते उठून गेल्यावर अब्बा माझ्या जवळ सरकले. हळूच विचारलं, "वो एक गद्दी का तूने पूछा था ना. वो नहीं न लिखा?"

मग त्यांनी सांगितलं की फोन ठेवल्यापासून त्यांना चैन नव्हतं. 'आली होती एक' एवढे तीन शब्दही आपण बोलायला नको होते, असं त्यांना वाटत होतं. त्या माणसाची बायको अजून येते, म्हणाले. उशा भरून नेते. तिच्या कानावर गेलं तर तिला काय वाटेल? इतके महिने माझे वडील तीन खऱ्या शब्दांसाठी खंतावत होते आणि मी मांडीवर चार पानं खोटं घेऊन बसले होते.

मी म्हणाले, "नाही अब्बा."

"अच्छा किया," ते म्हणाले, आणि मशीन सुरू केली.

या गोष्टीला खूप वर्षं झाली. मी इथेच राहिले. आता हाच विषय शिकवते, आणि विद्यार्थी आजी-आजोबांच्या मुलाखती घेऊन येतात तेव्हा त्यांना बजावते की माणूस जे बोलला तेवढंच लिहा. ते मान डोलवतात. माझा तो लेख अजून कुणीतरी दरवर्षी वाचायला लावतो. तो मागे घ्या, असं पत्र मी गेल्या महिन्यात विभागाला लिहिलं. इंग्रजीत ते सोपं गेलं, अनोळखी माणसांची माफी मागायला फार काही लागत नाही.

इथे मी अकोल्याबद्दल काहीही सांगितलं तरी लोक मान्य करतात. खोटं बोललीस, असं म्हणू शकेल असा इथे कुणी नाही, आणि इतकी वर्षं मी त्यालाच मोकळेपणा समजत आले. घर म्हणजे माझ्या लेखी आता तेवढंच उरलं आहे, जिथली माणसं माझं लिहिलेलं वाचून 'असं झालं नव्हतं' म्हणू शकतात. म्हणून तर तिकीट काढायचं मी पुढे ढकलत राहते.

अब्बा चौथी शिकले, तेही मराठी शाळेत. अजून वाचतात. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, एक शब्दही न गाळता. हे छापून आलं की मी त्यांनाच पहिलं पाठवणार आहे. दोन दिवस लागतील त्यांना, पण ते या ओळीपर्यंत येतील.

अब्बा, मी 'नाही' म्हणाले होते. मी लिहिलं होतं.