गळक्या नळीनंतर

सुनंदावहिनींचा फोन पुण्याच्या हॉस्पिटलमधून आला तेव्हा मी सावेडीत त्यांच्या नवऱ्याच्या, माझ्या दोस्ताच्या, दिलीपच्याच गॅरेजमध्ये होतो. "भावजी, हे गेले..." एवढंच त्या बोलू शकल्या. समोर टेबलावर त्याच्या जुन्या जर्मन स्पोर्ट्स कारचं इंजिन उघडं पडलं होतं. ऑपरेशनला जाण्याआधी त्यानं हट्टानं ते उघडायला लावलं होतं आणि त्यावरून आमचं कडाक्याचं वाजलं होतं.

भिंगारला लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. निवृत्तीनंतर दिलीपनं ही गाडी आणली, तेव्हा तिचा नुसता सांगाडा उरला होता. इंजिन जुळवता जुळवता दोन पावसाळे गेले. ते पहिल्यांदा सुरू केलं त्या सकाळी सुनंदावहिनी दारात उभ्या होत्या. आवाज घुमला, दिलीप हसला आणि लगेच जळक्या तेलाचा वास आला. वरचं तेल परत तळाशी आणणाऱ्या चार नळ्या सिलिंडरखाली असतात. त्यातली एक गळत होती, थेंब तापलेल्या सायलेन्सरवर पडत होते. धूर झाला, मग ज्वाळ उठली. मी चावी फिरवून इंजिन बंद केलं. दिलीप बघायला वाकला आणि छाती धरून तिथंच बसला... आग वहिनींनी विझवली, वाळू टाकून.

डॉक्टरांनी बायपास सांगितली. तारीख मिळेपर्यंत दिलीपनं दोन प्रकारच्या नळ्या मागवून ठेवल्या. एक दोन तुकड्यांची, सरकती. बाहेरूनच बसवता येते, इंजिन उघडावं लागत नाही. दुसरी अखंड, ती बसवायची तर सिलिंडरचे हेड काढावे लागतात. मी म्हणालो, सरकत्या बसवू, दुपारपर्यंत काम होईल.

"त्यात मधे आणखी एक जोड आला. पुन्हा गळली तर?"

"अरे, पण ऑपरेशनआधी एकदा आवाज तरी ऐकून जा!"

दिलीपनं हातातली नळी खाली ठेवली. चिडला की त्याच्या तोंडी गावाकडची बोली यायची. "म्हंजी मी परत येत न्हाई, असं धरूनच चाललायस का तू?"

चहा घेऊन आलेल्या वहिनी उंबऱ्यातच थांबल्या होत्या. त्या कप ठेवून आत निघून गेल्या. मग आम्ही इंजिन उतरवून उघडलं; बोल्ट त्यानं सैल केले, वजन मी उचललं. चौथ्या दिवशी तो पुण्याला गेला.

दिवसपाणी उरकल्यावर मी वहिनींना विचारलं, कोणत्या बसवू? मनात होतं, त्या म्हणतील, विकून टाका सगळं. "त्यांनी इंजिन उघडलं कशासाठी होतं?" त्या म्हणाल्या. मी अखंड नळ्या घेतल्या. नळ्यांच्या टोकांना बसणाऱ्या रबरी रिंगांना तेल लावायला त्या रोज येऊन बसायच्या.

इंजिन पुन्हा गाडीत चढवलं आणि गेल्या रविवारी चावी फिरवली. वहिनी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकल्या. सायलेन्सर तापायला लागला, माझा हात चावीवरून निघेना. "दिसतंय काही?" मी दोनदा विचारलं. त्यांनी चारही नळ्यांवरून टॉर्च फिरवला. मग पदरानं तोंड पुसत उठल्या.

"कोरडं आहे," त्या म्हणाल्या.

मी बंद करायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे भावजी... चालू राहू दे थोडा वेळ."