भातात पडलेल्या पिशव्या

आमच्या सोनिवलीच्या सोसायटीमागे इथल्याच एका शेतकऱ्याचं भातशेत आहे. बाकीची जमीन विकून त्याने मोठी काळी गाडी घेतली. रिक्षाच्या रांगेत मी दिसलो की काच खाली करून म्हणतो, "बसा साहेब, सोडतो." मी कधी बसलो नाही. घरी मात्र म्हणायचो, "हे गाववाले सगळे सारखेच. फुकटच्या पैशाचा माज."

परवा आमच्या बाल्कन्यांतून फेकलेल्या कचऱ्याच्या पिशव्या त्याने भातातून गोळा करून गेटवर आणल्या. आता हा शिव्या देणार, याची मी वाटच बघत होतो. तो वॉचमनला म्हणाला, "टाकनारी दोन-चार आसतील. सगल्यांना कशाला बोलू?"

इतके दिवस मी त्याच्या गाडीवर जळत होतो. आता त्या वाक्यावर जळतो. पिशव्यांतली एक माझी होती.