रानरेड्यासाठी काडतुसं

नव्वदीच्या अखेरीस मी आखातात, अल क्वोजमधल्या एका कारखान्यात क्वालिटीचं काम बघायचो. पंपांचे शाफ्ट, बुशिंग, असला माल. मालक तिथलेच, साठीच्या पुढचे. तरुणपणी मुंबईशी व्यापार केलेला, त्यामुळे हिंदी फर्डं बोलायचे. आम्ही सगळे त्यांना अरबाब म्हणायचो आणि ते मला मुहंदिस, म्हणजे इंजिनीअर.

अरबाबना शिकारीचं वेड होतं. दरवर्षी रीतसर परवाने काढून आफ्रिकेत जायचे. एका वर्षी परत आले ते थेट माझ्या केबिनमध्ये. खिशातून रुमाल काढून टेबलावर सोडला. आत तांब्याचा फाटलेला पत्रा आणि शिशाचे चार-दोन तुकडे होते.

"ये देखो. फेल हुआ पार्ट."

रानरेड्याच्या खांद्यात ती गोळी हाडावर आपटून फुटली होती. आतपर्यंत पोचलीच नाही. जखमी रेडा दिवसभर झाडोऱ्यात फिरला आणि अरबाब त्याच्या मागे. संध्याकाळी सापडला तेव्हा तो अजून जिवंत होता.

"जानवर को बहुत तकलीफ हुआ," ते म्हणाले. "तुम शाफ्ट का बाल जितना फरक पकडता है. मेरे वास्ते सही गोली बनाओ."

मी आयुष्यात बंदुकीला हात लावला नव्हता. पण ते तुकडे बघून मला खरंच वाटलं, की हे काम आपल्याला जमेल.

जमण्याजोगं होतंही. अरबाबच्या मजऱ्यावर, म्हणजे धैदच्या वाटेवरच्या त्यांच्या शेतावर, काडतुसं भरायचा छोटा प्रेस आणि नाजूक तराजू होता. खजुरांच्या मागे वाळूचा उंच बांध घालून निशाणाची जागा केली होती. वापरलेल्या काडतुसाची पितळी नळी साफ करायची, बुडाला ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून ओतायची, वर गोळी दाबून बसवायची. मग अरबाबनी कागदावर तीन गोळ्या झाडायच्या आणि मी छिद्रांमधलं अंतर मोजायचं. परवाना त्यांचा, त्यामुळे चाप तेच ओढणार.

गोळी निवडायला मला फार वेळ लागला नाही. नुसती मऊ गोळी हाडावर फुटते. अखंड धातूची आरपार जाते, पण जखम लहान करते. मधली हवी होती: वजनदार, शिसं आणि तांब्याचं कवच एकमेकांना पक्कं चिकटवलेली, पसरेल पण तुटणार नाही अशी. दुकानात मिळालीही.

त्रास सुरू झाला तो अरबाबच्या मेहुण्यापासून. तोही शिकारी. शुक्रवारी मी मजऱ्यावर पोचलो, की हा हजर, हातात गोळ्यांचा नवा डबा.

"हबीबी, ये भारी गोली पुराना फॅशन है. हलका लो, फास्ट लो."

अरबाब लगेच माझ्याकडे बघायचे. "ट्राय करेंगे?"

गोळी बदलली की सगळं मुळापासून. पावडर पुन्हा कमीपासून सुरू करून हळूहळू वाढवायची, गोळी किती खोल बसवायची ते पुन्हा ठरवायचं. मी सांगायचो, "अरबाब, एक वक्त में एक ही चीज बदलेंगे." ते "इन्शाल्ला" म्हणायचे. पुढच्या शुक्रवारी मेहुणा पावडरचाच वेगळा डबा आणायचा.

आठवड्याची सुट्टी ती एकच. आम्ही अल नहदाला राहायचो. बायको आठवडाभर शाळेत शिकवून दमलेली असायची आणि मी सकाळीच गाडी काढायचो.

"कंपनीचं काम आहे का हे?" तिनं विचारलं.

"नाही."

"मग नाही म्हण ना."

"मालकांना कसं म्हणू?"

मुलगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा, इट्स नॉट इव्हन युअर बफेलो."

हिवाळा सरता सरता मेहुणा कामानिमित्त परदेशी गेला आणि मी माझ्या वजनदार गोळीवर परतलो. छिद्रं जवळ येऊ लागली. एकदा तर तिन्ही छिद्रं एका नाण्याखाली झाकली गेली. मी त्या खुशीत घरी जाताना मिठाई घेतली.

मग मे महिना आला. त्याच मापाची काडतुसं, तीच रायफल. पहिला बार झाला आणि रायफलचा बोल्ट, म्हणजे मागची खीळ, उघडेना. अरबाबनी तळहाताने ठोकून तो उघडला. आतला प्रायमर चेपून सपाट झाला होता. काडतुसांचा डबा गाडीत राहिला होता. उन्हात पावडर तापली की नळीतला दाब वाढतो, हे मी वाचलं होतं, पण थंडीत बसवलेलं माप मेमध्ये धोक्याचं ठरेल असं डोक्यात आलं नव्हतं. मी तिथेच थांबवलं.

"खलास, अरबाब. ये सब खोलना पडेगा."

पुन्हा माप कमी केलं. दाब आटोक्यात आला आणि छिद्रं पार विखुरली. सबंध उन्हाळा मी पावडर कमी-जास्त करत राहिलो. कधी दोन छिद्रं चिकटून आणि तिसरं वीतभर खाली. का, ते कळेना. रायफलचे स्क्रू तपासले, दुर्बीण काढून पुन्हा बसवली. कारखान्यात एखादा शाफ्ट असा वागला असता तर मी मशीनच बंद करायला लावलं असतं. चिडचिड घरी निघायची. भाजीत मीठ कमी पडलं तरी मी आवाज चढवायचो.

उत्तर मिळालं ते एका फुसक्या काडतुसामुळे. अरबाबनी नेम धरला, चाप ओढला, नुसतं खट झालं. बार उडालाच नाही. पण रायफलचं तोंड मात्र झटकन खाली गेलं. मी शेजारीच उभा होतो, मला स्वच्छ दिसलं. तेवढ्या मोठ्या रायफलचा दणका खांद्याला बसणार म्हणून अरबाब, बहुधा मेमधल्या त्या बारापासून, आधीच दचकत होते. त्यात गोळीचा दोष नव्हता आणि पावडरचाही नव्हता.

फुसका बार उशिरा उडू शकतो, म्हणून रायफलचं तोंड बांधाकडे ठेवून आम्ही नियमाप्रमाणे थांबलो. तेवढ्या वेळात मी मनात वाक्यं जुळवत होतो. ज्यांच्या सहीवर माझा व्हिसा, त्यांना हे सांगायचं.

"अरबाब, बुरा मत मानना. आप डरते हैं."

"क्या?"

"धक्के से. गोली चलने के पहले आप हिलते हैं."

त्यांनी बोल्ट ओढून फुसकं काडतूस बाहेर काढलं. मग म्हणाले, "शादी के पहले से शिकार करता हूं मैं." आणि उठून आत निघून गेले. मी सामान आवरलं. नोकरी गेली असं धरूनच घरी आलो.

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी फोन आला, "यल्ला, तुम आता नहीं?" गेलो तर खांद्यावर जाड गादी बांधून ते रिकाम्या रायफलचा चाप ओढत बसले होते. रोज सकाळी हेच करतो, म्हणाले. थंडी पडेपर्यंत छिद्रं जुळली. मेहुणा नवा डबा घेऊन आला तेव्हा अरबाबनीच त्याला बाहेरच्या बाहेर चहा पाजून पाठवलं. मी प्रवासापुरती काडतुसं भरली, एकेक मोजून डब्यात रचली.

निघायच्या दिवशी विमानतळावरून त्यांचा फोन आला. आवाज पडलेला. विमान कंपनी घरी भरलेली काडतुसं घेत नाही. कारखान्याच्या छापील खोक्यातलीच लागतात.

"काउंटरवाला पूछा, किसने बनाया. मैं बोला, मेरा मुहंदिस ने. वो हंसा."

डबा ड्रायव्हरबरोबर मजऱ्यावर परतला. अरबाबनी तिकडे उतरल्यावर दुकानातून तयार काडतुसं घेतली, माझ्याच पसंतीच्या गोळीची. रेडा एका बारात पडला. परत आल्यावर केबिनमध्ये येऊन त्यांनी मला मिठीच मारली.

"तुम्हारा गोली सही था, मुहंदिस!"

गोळी माझी खरी, पण ती पहिल्याच महिन्यात निवडून झाली होती. भरणी, तोलणं, उन्हाळाभराची वणवण यांतलं काहीच आफ्रिकेला पोचलं नव्हतं. मी हसलो, अभिनंदन केलं.

मजऱ्यावर परतलेली काडतुसं मेहुण्यानं मागितली. ती एका रायफलच्या मापानं भरलेली, दुसरीत घालणं धोक्याचं. म्हणून आणखी एका शुक्रवारी बसून मी ती सगळी उघडली. अरबाब समोर येऊन बसले.

"नाराज है?"

"हां," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "वो धक्के वाला बात दूसरा कोई नहीं बोलता," म्हणाले आणि गोळ्या वेगळ्या करायला लागले.

पुढच्या वर्षी त्यांनी मजऱ्यावर बोलावलं नाही. फोनवर एवढंच विचारलं, की या वेळी मोठ्या हरणासाठी जातोय, गोळी कुठली घेऊ? मी सांगितली. मिनिटभरात काम झालं. फोन ठेवला आणि मला इतका राग आला, की बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं? काही नाही, म्हणालो. शुक्रवार होता, आणि मला काय करावं ते सुचत नव्हतं.