गुंडूअण्णांचे टाक, माझा मुहूर्त

जिच्या कृपेने मुक्या ओठांवर शब्द येतो आणि कोऱ्या पानावर अक्षर उमटते, त्या शारदेला प्रथम वंदन. निमित्त दुःखाचे आहे. हुबळीचे माझे स्नेही गुंडूअण्णा, कोप्पीकर रोडजवळचे बटण-दोऱ्याचे व्यापारी आणि लिहायच्या जुन्या टाकांचे संग्राहक, पितृपक्षात निवर्तले. त्याला आता दोन महिने होत आले. शोक हळूहळू निवतो, असे म्हणतात... माझा निवत नाही, कारण त्यात शोकापेक्षा अपराधाचा अंश अधिक आहे.

त्या दिवशी धारवाडच्या घरी मी तर्पण आटोपून उठत होतो, तोच त्यांच्या सुनेचा, विद्याचा, फोन आला. "काका, अप्पा गेले. दुकानाच्या किल्ल्या घेऊन निघाले, आणि उंबऱ्यातच बसले." मी मिळेल त्या बसने हुबळीत विद्यानगरला त्यांच्या घरी पोहोचलो. दिवाणखान्यात त्यांना निजवले होते आणि त्यांच्या मागे भिंतीशी एक उंच कपाट पांढऱ्या कापडाखाली झाकलेले उभे होते. मी येईपर्यंत ते कापड काढायचे नाही, असे त्यांनी घरात बजावून ठेवले होते. मी आलो होतो.

आमची ओळख एका 'श्री'मुळे झाली. मी पाठशाळेत संस्कृत शिकवीत असे आणि माझ्या देवनागरी वळणाचा थोडा लौकिक होता. एका दिवाळीत गुंडूअण्णा मला लक्ष्मीपूजनाला घेऊन गेले, नव्या वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढायला. पुढे तो परिपाठच पडला. दरवर्षी पूजा झाली की ते माझ्यापुढे दौत ठेवीत आणि हातात एक टाक देत, प्रत्येक दिवाळीला निराळा. शाईत बुडवून लिहायच्या या लेखण्या शाळांतून गेल्या, कचेऱ्यांतून गेल्या, पण गुंडूअण्णांनी त्यांना जाऊ दिले नाही. जुन्या बाजारात, मोडीत निघालेल्या घरांच्या अडगळीत, कुठून कुठून ते टाक हुडकून आणीत. एक काचेचा होता, जिलबीच्या पाकासारखा पिळाचा. एक मिटलेल्या छत्रीच्या आकाराचा. त्याच्या मुठीतल्या बारीक भोकाला डोळा लावला की आत एक परदेशी बंदर दिसे, जहाजांसकट. एका निबाचा आकार तर्जनी उगारलेल्या हातासारखा होता. तो दाखवताना ते हमखास म्हणत, "हा तुमचा, आचार्रे. वर्गात असाच बोट दाखवत होतात ना? पोरं अजून घाबरतात."

स्वतः मात्र ते त्यातल्या एकानेही लिहीत नसत. "माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. एवढ्या देखण्या टाकांचा अपमान कशाला?" मी विचारले, मग जमवता कशाला? ते म्हणाले, "बटणं विकतो, म्हणून सगळी काय माझ्याच सदऱ्याला लावतो?"

गेल्या वर्षीच्या दिवाळीत 'श्री'ची वेलांटी थरथरली. माझ्या उजव्या हाताला कंप सुटू लागला होता. ही गोष्ट मी घरातही कुणाला सांगितली नव्हती. "चष्म्याचा नंबर वाढलाय," मी म्हणालो. गुंडूअण्णांनी पानावर फुंकर घातली, अक्षर निरखले आणि म्हणाले, "इरली बिड्री, असू द्या हो. लक्ष्मी मुळातच चंचल, तिचं अक्षर कशाला स्थिर हवं?" सगळे हसले. मीही हसलो, आणि आपले गुपित राखले गेले, अशी समजूत करून घेतली.

उन्हाळ्यात दुकानाची डागडुजी झाली, तेव्हा बटणांचे जुने लाकडी कपाट त्यांनी घरी आणले. त्याला लहान लहान खण होते. बटणाच्या व्यापाऱ्याची रीत अशी की प्रत्येक खणाच्या दर्शनी बाजूवर आतल्या बटणाचा एकेक नमुना टाचलेला असतो. गिऱ्हाईक नमुना पाहून खण उघडायला सांगते. ते नमुने काढून गुंडूअण्णांनी एकेका खणात एकेक टाक निजवला आणि मला फोन केला. "आचार्रे, बटणाचा नमुना बटण. टाकाचा नमुना काय? अक्षर! तुम्ही या. प्रत्येक टाकानं एका कार्डावर 'श्री' काढा. ते कार्ड मी त्या खणावर लावतो. न बुडालेला टाक आणि भिंतीतला खिळा यात फरक काय हो? माझ्या डोळ्यांदेखत सगळे एकदा लिहिते होऊ देत."

त्यांचे हृदय दुबळे झाले होते, हे मला ठाऊक होते. तरीही मी म्हणालो, "आषाढ लागलाय, नवं काही आरंभू नये." पुढे अधिक मास आला; तेव्हा म्हणालो, अधिकात नको. श्रावणात माझी पारायणे होती. भाद्रपदात पितृपक्ष तोंडावर आला. "विजयादशमीला करू," मी सांगितले, "सरस्वतीपूजनही होईल." पलीकडून ते मोठ्याने हसले. "काय हो आचार्रे, तुमच्या पंचांगात माझ्यासाठी एक तरी दिवस उरलाय का? बरं, दसरा तर दसरा. एक नवा टाक आणलाय. कसला ते सांगत नाही. आलात की दाखवतो."

वाचकहो, पंचांग खोटे नव्हते. मी खोटा होतो. देवाचे नाव लिहायला मुहूर्त लागत नाही, हे मीच विद्यार्थ्यांना जन्मभर शिकवले आहे. मला भय होते ते एवढेच की इतक्या कार्डांवर माझा कंप ओळीने टांगला जाईल आणि येणारा-जाणारा तो पाहील. हे स्नेह्यापुढे कबूल करण्याऐवजी मी तिथी पुढे केल्या. ज्या शास्त्राची सेवा केली, त्याचाच आडोसा केला. पूजेतल्या चुकीसाठी क्षमा मागण्याचे मंत्र मला मुखोद्गत आहेत... या चुकीसाठी कोणता म्हणावा, हे मला कुणी शिकवले नाही.

विजयादशमीला मी गेलो. विद्याने कापड काढले. ती म्हणाली, "अप्पांनी सगळं मांडून ठेवलंय, काका. फक्त तुम्ही लिहायचं." कार्डे कापलेली होती, दौत भरलेली होती. मी काचेचा टाक उचलला, बुडवला, आणि कार्डावर शाईचा मोठा ठिपका पडला. मी टाक खाली ठेवला. तेव्हा ती आतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आली.

तो एक बेढब टाक होता. मुठीशी बुचाच्या लाकडाचा जाड गोळा, लिंबाएवढा. हात कापणाऱ्यांसाठी, बोटे आखडणाऱ्यांसाठी पूर्वी असे टाक बनत. "हा शेवटचा," विद्या म्हणाली. "मी म्हटलं, हा कुठल्या खणात घालायचा? तर म्हणाले, हा कपाटातला नाही, वापरायचा आहे. आचार्रांचा हात कापतो. ते सांगायचे नाहीत, आणि आपण विचारायचं नाही. नुसता हातात द्यायचा."

म्हणजे त्या दिवाळीतच त्यांना कळले होते. मी एकेक मास पुढे ढकलत होतो, तेव्हा ते माझ्या हाताला पेलेल असा टाक शोधत होते. आणि माझी प्रत्येक सबब त्यांनी हसून ऐकून घेतली, कारण ती मोडली असती तर मी उघडा पडलो असतो. त्या खोलीत मी रडलो. विद्या माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

नंतर मी लिहायला बसलो. बुचाच्या टाकाने आधी हात स्थिरावून घ्यायचा, मग एकेक टाक उचलायचा. तरीही वेलांट्या कापल्याच. तर्जनीच्या निबाने काढलेला 'श्री' तर ओरडा खाल्लेल्या मुलासारखा दिसतो. विद्याने सारी कार्डे खणांवर लावली, ठिपक्याचेही. "अप्पांनी हेच आधी लावलं असतं," ती म्हणाली.

बुचाचा टाक तिने मला घरी नेऊ दिला. हा लेख त्यानेच लिहीत आहे. त्याच्या गोळ्यावर कुणा अनामिकाच्या बोटांचे जुने खळगे पडलेले आहेत. त्यात माझी बोटे आता बसू लागली आहेत. विद्यानगरच्या त्या कपाटात खालचा एक खण मात्र रिकामा आहे. त्याच्यावरही बुचाच्या टाकाने काढलेला 'श्री' आहे, सर्वांत वाकडा, पण पुरा. गिऱ्हाइकाने नमुना पाहून तो उघडायला सांगितला, तर आत काही मिळायचे नाही. माल वापरात आहे.

वाचकहो, तुमच्या घरी देवापुढचा दिवा तेवत राहो. तुमच्या मुलाबाळांच्या हातांना अक्षर आणि वडीलधाऱ्यांच्या हातांना आधार लाभो. आणि कुणी स्नेह्याने 'या' म्हणून बोलावले, तर तो दिवस तुमच्या पंचांगात शुभ असो.