विल्माला विचारवत नव्हतं ते

विल्मा सालसेदोनं आजवर कुणाला काय विचारायचं बाकी ठेवलंय? नवीन आलेल्या फादरना तिनं पहिल्याच रविवारी विचारलं, "फादर, केस गळतायत की तुम्हीच काढता?" माझ्या सुनेला लग्नाच्या जेवणावळीतच विचारलं, "काय गं, अजून काही गोड बातमी नाही?" जिच्या नवऱ्यानं दुसरं घर केलंय तिला तर भर मासळीबाजारात, "मग रविवारी तो जेवतो कुठं?" मोलोतल्या आमच्या गल्लीत लोक तिला लांबून बघून वाट बदलतात. मला ती सोय नाही. मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहते, शाळेचे गणवेश शिवते, आणि तिच्या लेकीची, क्रिझेलची मी निनांग, म्हणजे धर्मआई आहे. बाप्तिस्म्याला लेकरू हातात घेतलं की लेकरू तुमचं होतंच, पण त्याची आईही जन्माची गळ्यात पडते. मग एकमेकींना कुमारे म्हणून हाक मारायची आणि ऐकत बसायचं.

बाई वाईट नाही. तिचा रोलान्दो जहाजावर असतो, वर्षातून एकदा उगवतो. सासूचं आजारपण तिनं एकटीनं काढलं. वादळात माझं छप्पर उडालं तेव्हा माझ्या शिलाई मशीनवर ताडपत्री धरून स्वतः भिजत उभी राहिलेली हीच. फक्त तेव्हाही तिचं तोंड चालूच होतं.

क्रिझेल सोळाची. गेले काही महिने पोरगी विझत चालली होती. चर्चमधलं गाणं सोडलं, मैत्रिणी सोडल्या, दिवसभर अंथरुणात. मी म्हटलं, कुमारे, पोरीकडे बघ जरा. तर म्हणाली, "वयच तसं आहे. फोन बघून बघून डोकं जड होतं." आणि पोरीला ऐकू जाईल अशा आवाजात, "बाप तिकडे समुद्रात खपतोय, आणि राणीसाहेब उशीतून तोंड काढत नाहीत!"

ऑक्टोबरात एका दुपारी क्रिझेल तिची मांजर घेऊन माझ्या दारात आली.

"निनांग, हिला तुम्ही ठेवा."

"का गं? कुठं निघालीस?"

"कुठं नाही. मला आता जमणार नाही. तुमच्याकडे नीट राहील ती."

त्याच आठवड्यात तिनं तिचे नवे बूट चुलतबहिणीला देऊन टाकले होते, आणि विल्मा गल्लीभर सांगत होती, बघा माझ्या लेकीचं मन किती मोठं! मी मशीन थांबवली आणि सरळच विचारलं, "इंदाय, पोरी, तुला मरावंसं वाटतंय का?"

ती बराच वेळ मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "हो. आईला सांगू नका."

"हे मी लपवणार नाही. तुला राग आला तर येऊ दे. पण तुला एकटीलाही सोडणार नाही."

तिच्यासमोरच मी शाळेच्या समुपदेशक मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, आज तिला एकटी ठेवू नका, घरातली औषधं कुलपात टाका, सकाळी मी हॉस्पिटलात भेटते. आणि आईला सांगा, तिला स्वतः विचार, आणि ती बोलेल ते ऐक. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तसलं काही शिरत नाही.

पोरीला घेऊन मी विल्माकडे गेले. सगळं सांगितलं. तिनं लगेच औषधांचा डबा माझ्या हातात दिला, सकाळी हॉस्पिटलात येते म्हणाली. मला वाटलं, चला, निदान डोक्यात प्रकाश पडला. शाळेच्या गणवेशांचा एक गठ्ठा पोचवायचा होता, तो द्यायला गेले.

परत आले तर विल्माच्या घरात अख्खी गल्ली!

रोझरीसाठी पवित्र मारियेची मूर्ती आमच्याकडे घराघरातून फिरते. त्या दिवशी पाळी दुसऱ्या घराची होती, ती बाईंनी रडून भेकून आपल्याकडे ओढून घेतली होती. मूर्तीला फुलं, चुलीवर पान्सित मोलोचं, खिम्याच्या पुरचुंड्यांच्या सूपाचं, भलं मोठं पातेलं, पाहुण्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या. आणि प्रार्थना सुरू करताना माझी कुमारे खड्या आवाजात म्हणाली, "माझ्या क्रिझेलच्या डिप्रेशनसाठी!" सगळ्या बायका एका सुरात हळहळल्या. पोरगी पलीकडच्या खोलीत होती, आणि मध्ये फक्त प्लायवूड.

काय करावं या बाईचं? मी तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"तुला अक्कल आहे का गं? पोरीचं दुःख काय जत्रेत मांडायचंय?"

"मग मी काय करू? देवाला नको सांगू?"

"देवाला सांग, पण तोंडातल्या तोंडात सांग! तिला विचारलंस का?"

"तुला म्हणालीय ना. मला नाही म्हणाली काही. रागात बोलली असेल."

"विल्मा, तू फादरना टकलाबद्दल विचारतेस, आणि पोटच्या पोरीला—"

"आणि माझ्यामुळे म्हणाली तर?" ती एकदम ओरडली. बाहेरची रोझरी क्षणभर अडखळली. विल्मा हातातल्या डावाकडे बघत हळूच म्हणाली, "कुमारे, तिनं माझं नाव घेतलं तर मी कुठं जाऊ?"

माझा राग ओसरला असं म्हणणार नाही. पण मी डाव तिच्या हातातून काढून घेतला. म्हटलं, "कुठं जायचं नाही. तिथंच बसायचं. जा."

बायकांना मी बाहेर घालवलं. मूर्ती त्यांच्या हवाली केली, पान्सित डब्यात भरून दिला, आणि कुणी "पण झालंय काय?" म्हटलं तिला दार दाखवलं. परत फिरले तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. विल्मा जमिनीवर बसली होती, क्रिझेल भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"इंदाय," विल्मा म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता. "तुला मरावंसं वाटतं?"

"हो."

"माझ्यामुळे?"

पोरीनं इतका वेळ लावला की मला वाटलं आता विल्मा बोलणार, जहाज काढणार, बाप काढणार, सासूचं आजारपण काढणार. नाही बोलली.

"सगळं तुझ्यामुळे नाही," क्रिझेल म्हणाली. "थोडं तुझ्यामुळे पण आहे."

"कुठलं थोडं? सांग. मी मध्ये बोलणार नाही."

मी आत गेले नाही. ओट्यापाशी उभी राहून भांडी घासली. आतून एकच आवाज येत होता, आणि तो विल्माचा नव्हता.

सकाळी आम्ही तिघी हॉस्पिटलात गेलो. औषधं सुरू झाली, मॅडमकडे जाणं सुरू झालं. यातून पोरगी एकदम हसायला लागली असं काही झालं नाही. चांगले दिवस येतात, वाईटही येतात. विल्माही सुधारलेली नाही. परवाच तिनं त्या डॉक्टरणीला विचारलं, तुमचं लग्न का नाही झालं. मी तिथल्या तिथे तिच्या पायावर पाय दिला.

काल ती माझ्या मशीनपाशी येऊन बसली आणि बराच वेळ गप्प होती. मला भीती वाटली.

"काय झालं?"

"सकाळी स्वतःहून आली गं माझ्याकडे. म्हणाली, आई, आज परत तसं वाटतंय."

"मग?"

"मॅडमना फोन लावून दिला. मग म्हणाली, माझ्याजवळ बस."

"आणि तू काय बोललीस?"

विल्मानं खाली पडलेले दोरे उचलले, एकेक करून मशीनवर ठेवले.

"काही नाही," ती म्हणाली. "बसले."