मागे बसलेल्या वहिनी

लाँड्रीवाल्या वहिनी शर्टावरचा डाग बघून माणूस कुठे जेवून आला ते सांगत. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी आणि धाकट्या दिराने चालवलं. धुणं आणि गिऱ्हाईक वहिनींकडे, इस्त्री भावजींकडे. भावजी जन्मापासून बहिरे. बोलत ते हातांनी, आणि ते बोलणं गल्लीत फक्त वहिनींना नीट कळे. त्यांना हाक मारायची तर पाय आपटायचा. फरशी हादरली की ते वळून बघत.

एकदा गल्लीतल्या दुकानदारांनी नदीवर सहल काढली. लांबट, निमुळत्या कनू होड्या, एकेकीत दोघं. आभाळ भरलेलं बघून वहिनींचा पाय अडखळला. बेकरीवाला म्हणाला, "वहिनी, लोकांचे कपडे रोज भिजवता, एकदा स्वतः भिजा की!" भावजी तर आधीच पुढच्या फळीवर जाऊन बसले होते. वहिनींना नाही म्हणवेना. त्या मागे बसल्या.

दुपारी पावसाने झोडपायला सुरुवात केली. पाणी गढूळ झालं, चढलं, होडीला ओढू लागलं. बाकीच्या होड्या पुढे निघून गेल्या. एका वळणावर वहिनींना डाव्या काठावरून उन्मळून पाण्यात आडवं पडलेलं झाड दिसलं. भावजी मान खाली घालून वल्हं मारत होते.

"भावजी! उजवीकडे! उजवीकडे घ्या!"

आपण कुणाला ओरडतोय याचंही वहिनींना भान नव्हतं. मग सवयीने त्यांनी होडीच्या तळावर पाय आपटला.

भावजींनी वल्हं थांबवलं, मागे वळून बघितलं आणि हसून 'काय?' अशी मान उडवली. त्याच क्षणी जाड फांदी त्यांच्या खांद्यावर बसली.

होडी उलटली. वहिनींच्या एका हातात फांदी, दुसऱ्यात भावजींच्या लाइफ जॅकेटचा पट्टा. "धरा हो, काहीतरी धरा!" त्या गयावया करत होत्या. भावजींचा उजवा हात चिंधीसारखा पाण्यावर हेलकावत होता. बेकरीवाला दोर घेऊन काठाने धावत आला तोवर वहिनींच्या बोटांची सालटी निघाली होती.

जीव वाचला. पण खांद्यातल्या नसा तुटल्या त्या तुटल्याच. इस्त्री सुटली, आणि बोलणंही अर्धं गेलं. डाव्या हाताच्या खुणांचा अर्थ वहिनींना लागत नसे. पुन्हा विचारलं की भावजी हात झटकून टाकत.

"झाड होतंच ना वहिनी, तुम्ही काय करणार?" बेकरीवाला समजूत घाली.

"होतं. पण त्यांचं तोंड पुढे होतं, अहो. मी मागे वळवलं."

एका संध्याकाळी त्या भावजींसमोर बसल्या आणि हातांनी म्हणाल्या, 'चूक माझी.' भावजींनी ते शेवटपर्यंत पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

आता काहीही सांगितलं तरी त्यांना दिसणार नव्हतं. वहिनी तशाच हात उचलून बसून राहिल्या. बाहेर गिऱ्हाईक "कुणी आहे का?" म्हणून हाका मारत होतं.