हातकणंगल्याला गेलेलं कुत्रं

आमचं कुत्रं गेलं त्या दिवशी मला काळजी होती ती माझ्या दहा वर्षांच्या मुलीची. सासऱ्यांची नव्हती. त्यांना मी मामा म्हणते. साखर कारखान्यात उभी हयात काढलेला, बोलायला लागला की चार घरं ऐकू जाईल असा माणूस. त्यांना कोण काय सांभाळणार?

मुलीपासून काही लपवायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. ती शाळेतून आली तशी दप्तर उतरवायच्या आत सांगून टाकलं, की म्हातारं झालं होतं, सकाळी अंगणात उन्हाला झोपलं ते उठलंच नाही. ती पायरीवर बसून पोटभर रडली. संध्याकाळी नवऱ्याने आणि मामांनी आमच्या उसाच्या बांधाला खड्डा घेतला, तेव्हा तीही गेली. तिथे तिचे प्रश्न सुरू झाले. खड्डा एवढा खोल कशाला? मीठ का टाकायचं? उसाची मुळं कुठपर्यंत जातात? तोड झाल्यावर नांगर इथून जाणार का? माहीत होतं तेवढं आम्ही सांगितलं. मामा मात्र माती ओढत राहिले. मुलगी घरी येऊन दोन भाकऱ्या जेवली आणि झोपली. मला वाटलं, निभावलं.

गेली तेरा वर्षं मामा आणि कुत्रं रोज सकाळी नदीच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊन यायचे. मामांना साखरेचा त्रास, त्यामुळे चालणं डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. कुत्र्यामुळे ते कधी चुकलं नाही. कुत्रं गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ते एकटेच गेले आणि लगेच परतले. तिसऱ्या दिवसापासून गेलेच नाहीत. गुडघा धरलाय म्हणाले. मी तेल दिलं, शेकायला पिशवी दिली. सहाव्या दिवशी बघते तर मामा लोखंडी शिडी चढून पाण्याची टाकी भरली का ते बघतायत. म्हणजे या गुडघ्याला शिडी चालत होती, वावडं होतं ते फक्त रस्त्याचं. त्या सकाळी घरातल्या यंत्रावर त्यांची साखर बघितली, ती चांगलीच चढलेली होती. नवरा म्हणाला, नवीन पिल्लू आणूया. मामांनी निरोप दिला की पिल्लू घरात आलं तर ते स्वतः हातकणंगल्याला, माझ्या नणंदेकडे राहायला जातील.

मला आता राग कमी आणि नवल जास्त वाटत होतं. नक्की अडलंय कुठे?

ते कळलं शनिवारी. भाजी घेऊन मी बंधाऱ्याच्या रस्त्याने येत होते. मामा रोज जिथे थांबायचे त्या टपरीवरच्या चहावाल्याने हाक मारली.

"वैनी, कुत्रं कवा येतंय हातकणंगल्यासनं?"

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. मग त्यानेच सगळं सांगितलं. आबांच्या, म्हणजे मामांच्या, लेकीच्या रानात डुकरं शिरायला लागलीत म्हणून कुत्र्याला तिकडे राखणीला नेलंय, असं आबांनी त्याला सांगितलं होतं. "पर वैनी, त्येला दात तर हुतं काय? डुकरानं बघिटलं तर हासंल की."

मी म्हणाले, "अजून काही ठरलं नाही."

घरापर्यंत मी स्वतःलाच विचारत आले, की हे मी का बोलले? पोटच्या पोरीला ज्या गोष्टी मी उभ्या उभ्या सांगितल्या, त्या चहावाल्याला सांगताना जीभ आपोआप खोट्याकडे वळली.

संध्याकाळी मामांना सरळ विचारलं. आधी ते चिडले, मग पंच्याने चष्मा पुसत बसले. त्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी, म्हणाले, चहावाल्याने सवयीने टोस्टचा अर्धा तुकडा मोडला आणि कुत्र्याला द्यायला खाली वाकला. खाली कुणी नाही. त्याने विचारलं आणि तोंडातून हातकणंगलं निघून गेलं. पुढे गोठ्याच्या दारात म्हशीवाल्या म्हातारीने विचारलं, तिलाही तेच सांगितलं. बंधाऱ्यापर्यंत आणखी कुणी विचारेल म्हणून ते तिथूनच माघारी फिरले.

"आता काय त्वांडानं जाऊ? रोज नवं सांगायचं काय, आज ह्यवढी डुकरं हाकलली म्हणून? आन खरं सांगावं तर म्हणतील, एवढा बाप्या, कुत्र्यापायी रडतोय."

मुलगी वही घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आबा, मी जाऊन सांगू?"

"सांगाव्याला पोरास्नी धाडत न्हाईत," मामा म्हणाले. "माणूस गेल्याचं थोरल्यानं जाऊन सांगायचं असतं."

"मग चला की."

रविवारी सकाळी तिघं निघालो. मी जायचं कारण नव्हतं. मला बघायचं होतं. टपरी आली तशी मामांची चाल मंदावली. मुलीने त्यांचा हात धरला नाही, फक्त शेजारी उभी राहिली. मामा नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हणाले, "ऱ्हायलं न्हाई रं ते. जाऊन आठवडा होत आला. त्या दिवशी खोटं बोललो मी तुला."

चहावाल्याने शेगडी बारीक केली. म्हणाला, "मला वाटलंच हुतं." मग मुलीकडे वळून, कुठं ठेवलं, असं विचारलं. तिने बांध, खड्ड्याची खोली, मीठ, सगळं नीट सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. गोठ्यावर म्हातारी मामांना दोन शब्द खरमरीत बोलली, तिला फसवल्याबद्दल, आणि पदराने डोळे पुसून परत धारेला बसली. बंधाऱ्यापर्यंत आम्ही पोचलो. एवढंच, माझ्या मते, काम होतं.

पण त्याच दिवशी चारच्या सुमाराला चहावाला घरी आला. अंगात इस्त्रीचा शर्ट. खुर्ची पुढे केली तरी भिंतीला टेकून खालीच बसला. मी चहा टाकायला उठले तर हाताने नको म्हणाला. पाऊस किती झाला, तोड कधी मिळणार, एवढंच दोघं बोलले. कशाला आलाय, मला उमगेना. मग तो उठला, चपला घातल्या आणि फाटकातून निघून गेला. "येतो" म्हणाला नाही. मामाही "या" म्हणाले नाहीत.

मुलीला ते खटकलं. काका न सांगताच कसे गेले?

मी तिला सांगितलं, की मयताच्या घरी भेटायला गेलं की निघताना येतो म्हणायचं नसतं. नुसतं उठून जायचं.

तिने फाटकाकडे बघितलं. "पण ते तर माणसांसाठी असतं ना?"

मामा पंचा तोंडावर धरून बसले होते, आणि खांदे हलत होते. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मी मुलीला घेऊन आत गेले आणि तिला लसूण सोलायला बसवलं.

सोमवारी सकाळी बंधाऱ्याच्या वेळेला उठले तेव्हा दाराशी मामांच्या चपला नव्हत्या.